बाबा, इथल्या गुरांची शिंगं तुम्ही पाहायला हवी होती

अटलांटा,
ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. ओवीचा खोकला गेला, अर्णव नीट जेवतो, यांची नोकरी चालू आहे आणि मी वेळेवर झोपते. आई, हे चारही प्रश्न तू दर वेळी विचारतेस म्हणून आधीच लिहून टाकले. फोनवर बोलणं पुरं होत नाही. तू बोलत असतेस, बंटी मधेच फोन ओढतो आणि बाबा ओसरीवरून "बरं आहे म्हणा" एवढंच म्हणतात. म्हणून हे पत्र. बंटी, मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नको.

आई, तू परवा म्हणालीस, "काऊन वं, घरी यायले पैसे नाहीत अन् हॉटेलात राहायले आहेत?" हसत म्हणालीस, पण ते मनातून जात नाही. तर नीट सांगते. मुलांच्या शाळेला थोडी सुट्टी लागून आली. विमान नाही, आपलीच गाडी. अटलांट्याहून ऑरलँडो सातेक तासांचा रस्ता. डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि चिवडा होता, त्यामुळे वाटेत बाहेर जेवलो नाही. खोली घेतली तीही साधी. ज्या खोल्यांच्या गॅलरीतून जनावरं दिसतात त्यांचे पैसे बरेच जास्त, त्या आम्ही घेतल्याच नाहीत, कारण हॉटेलच्या मागे सगळ्यांसाठी मोकळी जागा आहे, तिथून तेच दिसतं. घरी यायचं म्हणजे चार तिकिटं, महिनाभराची रजा आणि व्हिसाचं प्रकरण. त्या पैशांत हे होतं आणि या पैशांत ते होत नाही. आई, तू एवढं मनावर घेऊ नको.

आता हॉटेल काय ते सांगते, नाहीतर तुला वाटेल आपल्या आर्वीच्या लॉजसारखं काहीतरी. इथे एका कल्पनेवर बांधलेली हॉटेलं असतात. इमारत, दिवे, जेवण, गाणी, नोकरांचे कपडे, सगळं त्या एकाच कल्पनेचं, म्हणजे आत शिरल्यावर माणूस बाहेरचं विसरतो. आम्ही गेलो ते डिस्नेचं ॲनिमल किंगडम लॉज. 2001 साली सुरू झालं. कल्पना आफ्रिकेची. वर गवताने शाकारल्यासारखं छप्पर, आत शिरल्या शिरल्या दोन माणसांपेक्षाही उंच असा नायजेरियातल्या इग्बो लोकांचा इजेले नावाचा सोंगाचा मुखवटा, मणी आणि कापडाने मढवलेला. आणि इमारत घोड्याच्या नालासारखी वळलेली, मधे गवताळ रान. दक्षिण आफ्रिकेकडच्या गावांत झोपड्या गोल आणि मधे गुरांचा गोठा असतो, त्यावरून तो आकार घेतलाय. म्हणजे बाबा, माणसं कडेने आणि गुरं मधोमध. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल.

त्या रानात जिराफ आहेत, झेब्रे आहेत, हरणं आहेत आणि अंकोले नावाची गुरं आहेत. कुंपण कुठे दिसतच नाही; खोल चर खणून झाडोऱ्याआड लपवलेत. अंकोलेची शिंगं, बाबा! बुडाशी माझ्या मांडीएवढी जाड आणि वर जाऊन अशी पसरलेली की या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस आडवा झोपेल. रंग तांबूस. आपल्या गवळाऊची ती पांढरी चपळ चाल त्यांच्यात नाही. ती संथ, पाय मोजून टाकल्यासारखी चालतात. मी पहाटे एकटीच खाली गेले होते. कागदी पेल्यात चहा, थोडं धुकं, आणि एक गाय माझ्यापासून सात-आठ हातांवर बसून रवंथ करत होती. जबडा एका बाजूला सरके, थांबे, मानेखालून घास वर येताना दिसे, परत जबडा सरके. तिच्या कानाजवळ माशी बसली की फक्त कानच हले, एवढं मोठं डोकं जागचं हलत नव्हतं. मी किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. चहा तसाच राहिला.

आता असं उभं राहणं मुलांबरोबर होत नाही. पहिल्या संध्याकाळी अर्णव जिराफ पाहून ओरडला, उड्या मारल्या, आणि लगेच "पोहायला चल" सुरू. तिथे मोठा तलाव आहे, त्यात घसरगुंडी आहे, दुपारी तिथे गाणी आणि खेळ चालतात. पाच वर्षांच्या पोराने जिराफाकडे तासभर पाहत बसावं अशी अपेक्षा करणंच चूक. पण मोठ्यांनी तेवढ्यासाठी सगळा दिवस तलावाच्या काठावर टॉवेल सांभाळत बसावं हेही मला पटत नाही. मग आम्ही ठरवलं, दुपारचं ऊन मुलांचं, सकाळ-संध्याकाळ आमची, आणि दोघांपैकी एकाने नेहमी मोकळं राहायचं. हे दुपारी अर्णवबरोबर पाण्यात, मी वर; मी खेळात, हे जनावरांपाशी. यांना तुम्ही ओळखता, बोलत नाहीत फार. पण संध्याकाळी परत आले तेव्हा डोळे वेगळे होते. कितीतरी दिवसांत असं पाहिलं नव्हतं.

ओवीचं मात्र वेगळं झालं. तिचं वय असं की लहान मुलांच्या खेळात लाज वाटते आणि मोठ्यांत कोणी घेत नाही. तिला तिथल्या एका कामगाराने जनावरं ओळखायचा कागद दिला आणि सांगितलं की नुसतं नाव नको, काय करत होतं ते लिही. बस्स. मग ती आणि मी एकाच कठड्याला टेकून उभ्या. ती लिहीत होती, "जिराफाची जीभ काळी, पानाला गुंडाळते." मराठीत लिहिलंय, आई. आपण मुलांना मराठी विसरायला लावतोय असं तू मावशीजवळ म्हणालीस ते माझ्यापर्यंत आलंय. तो कागद फोटो काढून पाठवते, मावशीलाही दाखव.

त्या कामगाराच्या छातीवर नाव आणि खाली देश लिहिलेला: बोट्स्वाना. इथे सगळ्यांच्या बिल्ल्यावर गाव किंवा देश असतो, म्हणून बोलायला सोपं जातं. रात्री शेकोटीभोवती मुलांना बसवून गोष्टी सांगतात, तिथे तोच होता. अर्णवने बाबांनी पाठवलेला लाकडी बैल बरोबर आणला होता, तो त्याच्या हातात दिला. त्याने बैल उलटासुलटा पाहिला, चाकं फिरवली आणि विचारलं, आजोबांकडे गुरं किती? अर्णव म्हणाला, शंभर. मी दुरुस्त केलं. मग त्याने आपल्या घरचं सांगितलं. त्यांच्याकडे लग्न ठरलं की मुलाकडचे लोक मुलीच्या घरी गुरं देतात. गुरं असलेल्या घराला मान. मला बंटी आठवला. त्यावर खाली लिहिते.

आता एक गोष्ट सांगते ती तुम्हाला खरी वाटणार नाही. इथे पन्नास-साठ वर्षांची माणसं गळ्यात पट्टा घालून फिरतात आणि त्या पट्ट्यावर पत्र्याचे रंगीत बिल्ले टोचलेले असतात. पिन म्हणतात. एक जण दुसऱ्या अनोळखी माणसाजवळ जातो, त्याचा पट्टा बघतो आणि म्हणतो, हा मला द्या, मी हा देतो. पटलं तर अदलाबदल, नाही तर हसून पुढे. 1999 पासून हे सुरू आहे. याचे नियमही आहेत. दुसऱ्याच्या पिनला आपण हात लावायचा नाही, दाखवायची. द्यायची ती धातूची आणि मागच्या बुचासकट. आणि गंमत म्हणजे तिथले कामगार गळ्यात पिना घेऊन उभे असतात, त्यांच्याजवळ खरी पिन घेऊन गेलं तर त्यांनी नाही म्हणायचं नसतं. एका माणसाने एका कामगाराकडून दिवसात दोनच घ्यायच्या. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, पिनेला पिन. मला आधी कळेना, की नोकरीतून निवृत्त झालेला माणूस पत्र्याच्या बिल्ल्यासाठी गुडघ्यावर बसून पाच वर्षांच्या पोराशी घासाघीस का करतो. पण मी जवळ उभी राहून पाहिलं. त्या आजोबांनी अर्णवला आपल्या प्रत्येक पिनेची हकीकत सांगितली, कुठली, कधीची, कोणी दिली. पोरगं तोंड उघडं टाकून ऐकत होतं. शेवटी जिराफाची पिन दिली आणि हत्तीची घेतली. दोघांनी हात मिळवले. पोराला खेळ मिळाला आणि आजोबांना ऐकणारा. आई, खर्च विचारशील. पिना मी स्वस्तातल्या घेतल्या, आणि थोड्याच.

यांच्या ऑफिसातल्या एकाने दुसऱ्या हॉटेलचं सांगितलं होतं, तेही तिथलंच, अंतराळयानासारखं. दोन रात्रींचं एक नाटकच, त्यात पाहुण्यांनीही भाग घ्यायचा. दोघांना जवळपास पाच हजार डॉलर लागत. 2022 मध्ये सुरू झालं आणि 2023 मध्ये बंदही पडलं. का बंद पडलं याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात. मला एवढंच वाटतं की मोठ्यांनी आणि लहानांनी सगळा वेळ एकाच खेळात राहावं हे जड जातं. जनावरं बरी. ती तुमच्यासाठी काही करत नाहीत. पाहायचं तर पाहा, नाहीतर ती चरत राहतात.

आणि खरं सांगू, हे आपल्याकडे कधीचं आहे. पोळ्याला बाबा खांद शेकतात, बैलाच्या कानात आवतन देतात, झूल, मठाट्या, बाशिंग. त्या दिवशी आम्हा पोरांना जवळ येऊ देत नसत. आखरावर तोरणाखाली मोठी माणसं झडत्या म्हणत आणि आम्ही मागे. पण दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन घरोघर, बोजारा गोळा करायचा, आणि तेच बाबा ओसरीवर बसून प्रत्येक पोराच्या बैलाची शिंगं निरखणार. मोठ्यांचा दिवस मोठ्यांना पुरा, पोरांचा पोरांना पुरा. माझ्या मुलांनी पोळा पाहिला नाही. हे मला तिथे त्या कठड्याला टेकून उभी असताना लागलं, आणि अजून लागतं. पुढच्या पोळ्याला आणीन असं लिहीत नाही. लिहिलं की आई दिवस मोजायला लागते.

बाबा, तिथे रात्री अंधारात पाहायची दुर्बीण देतात. लोक रांग लावून चरणारी हरणं पाहतात. मला तुमची जागल आठवली. तुम्ही माचाणावर टॉर्च घेऊन रोही आणि डुकरं हाकलता, तुरीत घुसली की सगळं जातं. या वर्षी तरी बंटीला पाठवा, तुम्ही जाऊ नका. सौर कुंपणाचं काय झालं? माणूस येऊन गेला का? आपल्या हिश्शाचे पैसे मी भरते, त्यात बंटीने लाजू नये.

पैशांचं. सोसायटीच्या कर्जासाठी या महिन्यात पाठवले ते खात्यात आले का, बँकेत जाऊन बघा, बंटीच्या फोनवरच्या मेसेजवर विसंबू नका. पुढचे डिसेंबरात. सीतादही झाली असेल. कापूस घाईत विकू नका, पण माझ्यासाठी अडवूनही ठेवू नका.

बंटीच्या साक्षगंधाचं कळलं. मला फार फार आनंद झाला. शेती करतो म्हणून किती स्थळं परत गेली, आणि या मुलीने स्वतः येऊन गोठा पाहिला, हे ऐकून मला ती न भेटताच आवडली. तिला सांगा, तिच्यासाठी साडी मी नागपूरहूनच घ्यायला लावलीय, मावशी आणून देईल. इथून पाठवली तर पोचणार नाही.

साक्षगंधाला मला येता येणार नाही. हे फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलीय. एकदा बाहेर पडले तर मुंबईच्या वकिलातीत तारीख मिळेपर्यंत परत येता येत नाही, आणि तेवढ्यात यांची नोकरी आणि मुलांची शाळा दोन्ही लटकतात. हॉटेलात गेलो म्हणून रजा संपली असं नाही, आई, तो हिशेब वेगळा आहे. लग्नाला मात्र येते. तारीख मार्चच्या आत धरू नका, एप्रिलमध्ये असली तर ऊन सोसीन. मुलीकडच्यांना घाई असेल तर बाबांनी माझं नाव पुढे करावं, म्हणावं मोठी बहीण यायची आहे.

साक्षगंधाच्या दिवशी फोन चालू ठेवा आणि बंटी, तो ओट्यावरच्या खांबाला टेकवून ठेव, हातात धरू नको, सगळं हलतं. आमच्याकडे तेव्हा मध्यरात्र असेल, तरी मुलांना उठवीन.

बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये.

तुमची,
ताई