ती 'शेवटची स्टेज' नव्हे

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीत 'रक्ताचा कर्करोग अस्थिमज्जेबाहेर पसरला की ती शेवटची स्टेज' हे वाक्य आपण चौकटीत, ठळक अक्षरांत छापले. छापण्याआधी एखाद्या रक्तविकारतज्ज्ञाला विचारायला हवे होते.

गाठीच्या कर्करोगासारखे एक ते चार टप्पे ल्युकेमियाला, म्हणजे रक्ताच्या या कर्करोगाला, लावत नाहीत. रक्तपेशीच त्या, फिरणारच. निदानाच्या वेळीच त्या पुष्कळदा प्लीहा, यकृत, लसिकाग्रंथींत पोहोचलेल्या असतात आणि तरीही लहान मुलांमधला ए.एल.एल. (ल्युकेमियाचा झपाट्याने वाढणारा एक प्रकार) बहुतेकदा बरा होतो. चिंता असते ती मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्याची, कारण केमोची बरीच औषधे तिथे पुरेशी पोहोचत नाहीत.

माझ्या भाचीला हाच आजार. तिचा रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, तरी पाठीतून त्या पाण्यात मेथोट्रेक्सेट हे केमोचे औषध द्यायचे ठरले. का, ते कोणीच सांगितले नाही. संमतिपत्र पुढे सरकवले, "सही करा" म्हणाले. त्यात नातेवाईक बहिणीच्या तोंडावर बोलले, "मेंदूत गेलाय, आता काय उरलं?" ती सही न करता लेकीला घेऊन घरी निघाली होती. शेवटी एका तरुण निवासी डॉक्टरने तिला बसवून समजावले: पाण्यात पेशी सापडलेल्या नाहीत, पुढेही सापडू नयेत म्हणून हे इंजेक्शन. १९६०च्या दशकात ही खबरदारी रूढ होण्याआधी, रक्त स्वच्छ झालेल्या निम्म्याहून अधिक मुलांचा आजार मेंदूच्या आवरणांत उलटत असे. हे तेव्हा कळले असते तर बहिणीची ती रात्र तशी गेली नसती. भाची आज शाळेत जाते. आणि काल त्याच नातेवाइकांनी आपल्या चौकटीचा फोटो बहिणीला पाठवला!

पेशी मेंदूपर्यंत जातात कशा, हे लेखात एका ओळीत उरकले आहे. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांत दाखवले, की ए.एल.एल.च्या पेशी मणक्यांच्या आणि कवटीच्या अस्थिमज्जेतून निघून हाडातून आरपार जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या बाहेरच्या बाजूला धरून सरकत थेट त्या पाण्यात उतरतात. हे छापले असते तर वाचकांना काही मिळाले असते.

त्याच पानावर 'रक्त शुद्ध करणाऱ्या' औषधाची जाहिरात घेण्याचा निर्णय कोणाचा, हेही कळवावे. उपचार सोडून अशा बाटल्यांच्या मागे लागणारी माणसे मी वॉर्डाबाहेर पाहिली आहेत.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

— आपली एक नियमित वाचक