जीप नाकावर बसलीय म्हणता? आधी मागे वाकून बघा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुन्या जीपवाल्यांवर अख्खं पान आलं, फार बरं वाटलं, आमच्यासारख्यांची दखल कोण घेतं एरवी. पण त्यात खाली एका चौकटीत छापलंय की गाडी पुढून बसली असेल तर पुढे लांब शॅकल (पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चेसिसला जोडणारी कडी) टाकून घ्या, दोन तासांचं काम, गाडी सरळ होते. हे वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितोय. मी नेमकं हेच केलं होतं आणि कुंभार्ली घाट उतरताना त्याची किंमत कळली, शेजारी मुलगी बसलेली होती.

माझी गाडी महिंद्राची एमएम ५४०, १९८९ ची, २११२ सीसी प्यूजो डिझेल इंजिन, फोर बाय फोर चालू. ढेबेवाडीच्या बाजूच्या एका मालकाकडून घेतली. आधी बरीच वर्षं ती कराड लाईनला वडापला (शेअर सवारीच्या धंद्याला) होती, म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, आत दहाबारा, मागे फूटबोर्डवर तीनचार लटकलेले, वर टपावर पोती. घेतली तेव्हाच नाक खाली आणि शेपूट वर अशी उभी होती. मला वाटलं पस्तीस वर्षांची गाडी आहे, पुढे वजनदार डिझेल इंजिन, त्यात कुणीतरी सी चॅनलचा जाडजूड बंपर वेल्डिंग केलेला, तर पुढचे पाटे बसणारच. सगळे तेच म्हणाले. मग एका गॅरेजवाल्याने २ इंच लांब शॅकल टाकले, गाडी समोरून १ इंच उठली, फोटोत छान दिसायला लागली.

इथेच पहिली गोष्ट समजून घ्या, शॅकल २ इंच वाढवला तरी गाडी १ इंचच उठते कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं, दुसरं टोक पिनवर जागच्या जागीच असतं. आणि एकच टोक खाली गेलं की पाटा तिरका होतो, पाट्याला यू-बोल्टने आवळलेला ॲक्सल पण त्याच्याबरोबर फिरतो. माझ्या जीपला शॅकल पुढच्या टोकाला आहे, त्यामुळे ॲक्सल पुढे कलंडला. सायकलचा चिमटा आठवा, वरचं टोक मागे आणि चाक पुढे असा कललेला असतो, सायकल सरळ रेषेत राहायला त्या कलण्याची मोठी मदत होते. जीपच्या पुढच्या चाकांनाही तसाच कल दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात, जुन्या विलीस जीपला तो ३ अंश असायचा. तो गेला की वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, तुम्हालाच ओढून आणावं लागतं, आणि सरळ रस्त्यावर गाडी कुत्र्यासारखी वास घेत इकडून तिकडे जाते. घाटात तिसऱ्या वळणाला मी स्टिअरिंग सैल सोडलं आणि ते वळलेलंच राहिलं. समोरून एसटी येत होती. पुढचं लिहीत नाही, वाचलो एवढंच.

परत आल्यावर लांब शॅकल काढले, जुने बसवले आणि ठरवलं की आता कुणाला न विचारता आधी नीट मोजायचं. मडगार्डवरून मोजू नका, जुन्या जीपची बॉडी कुठेतरी ठोकलेली असते आणि बॉडीखालचे रबर दबलेले असतात, आकडा खोटा येतो. चारी टायरची हवा सारखी केली, घरासमोरच्या कोब्यावर गाडी उभी केली, मागेपुढे ढकलून हँडब्रेक न ओढता दगड लावले, आणि गवंडी लेव्हल काढायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतो ती आणली. दाराखाली चेसिसचा सरळ पट्टा असतो, त्यावर ४ फूट अंतर धरून खुणा केल्या आणि नळीने बघितलं तर ४ फुटांत सव्वादोन इंचांचा फरक. हिशोब केला तर जवळजवळ पावणेतीन अंश गाडी पुढे कललेली, म्हणजे मूळचा ३ अंशाचा कॅस्टर शॅकल टाकायच्या आधीच बहुतेक संपलेला होता आणि लांब शॅकलने तो उणे करून टाकला होता.

मग खाली झोपून बंपस्टॉप, म्हणजे ॲक्सल वर चेसिसला आपटू नये म्हणून लावलेले रबर, बघितले. पुढे ॲक्सल आणि रबरात बोटभर जागा. मागे मात्र माझी वीत जवळजवळ पूर्ण मावली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की गाडी पुढून बसलीय हे अर्धंच खरं आहे, ती मागून उभी पण आहे. टॉर्च घेऊन मागचे पाटे निरखले तर तीन पाटे वेगळेच, जाडी वेगळी, टोकं गॅसने कापलेली, कडा काळ्या आणि वेड्यावाकड्या, बाकीच्यांची टोकं कंपनीतून आलेली गुळगुळीत. वडापच्या दिवसांत पंधरा माणसांसाठी कुणीतरी घातलेले ते पाटे, माणसं उतरून वर्षं झाली तरी तिथेच होते. रिकाम्या गाडीला ते काय दबणार! तेव्हा तुम्ही पुढच्या सीटवर बसून चहा पिऊ शकत नव्हता एवढी गाडी उडायची आणि मी ते शॉकॉप्सर (शॉक ॲब्सॉर्बर) गेले म्हणून समजत होतो. यावरून आठवलं, कितीतरी जण गाडी बसली म्हणून नवीन शॉकॉप्सर टाकतात, साधा ऑईलचा शॉकॉप्सर गाडीचं वजन धरत नाही हो, तो फक्त उसळी मारणं थांबवतो, उंची पाट्यांचीच.

कराडला हायवेच्या कडेला एक पाटेवाले मिस्त्री आहेत, वय सत्तरीच्या पुढे, ट्रकचे आणि ट्रॅक्टर ट्रॉलीचे पाटे करतात, ऊस सीझनला त्यांच्याकडे रांग असते. त्यांनी जे केलं ते मी दोन दिवस स्टूल टाकून बसून बघितलं. आधी मागचा गड्डा, म्हणजे एकावर एक आवळलेले पाटे, खोलला, जादाचे तीन पाटे बाजूला टाकले, बाकीच्यांमधली गंजाची पापुद्रे तारेच्या ब्रशने काढली, प्रत्येक पाट्याच्या टोकाखाली दुसऱ्या पाट्यावर खड्डा पडलाय का ते बोट फिरवून बघितलं, एकाला केसासारखी चीर निघाली तो बदलला. मग पुढचा गड्डा. मेन पाट्याच्या टोकांच्या दोन्ही गोल डोळ्यांना दोरा धरून मध्ये पट्टी लावली, ड्रायव्हर बाजूचा पाटा दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच जास्त सपाट झालेला, कारण उघड आहे, एकट्या ड्रायव्हरने चाललेली गाडी कायम त्याच अंगाला दबते. त्यांनी पाटे भट्टीत लाल केले, फर्म्यावर कमान दिली, तेलात विझवले आणि परत मंद तापवून पाणी दिलं, म्हणजे पाण्यात बुडवलं नाही, कडकपणा हवा तेवढा आणला. मी विचारलं की नुसतं घणाने ठोकून कमान येत नाही का, तर म्हणाले येते की, पण बिनपाण्याचा पाटा चार महिन्यांत परत झोपतो, आणि जास्त कडक पाणी झालं तर खड्ड्यात काचेसारखा तुटतो. हे बरोबर किती तापवायचं ते त्या माणसाला नुसत्या रंगावरून कळतं. त्यांची मुलं या धंद्यात नाहीत. आयटीआयमध्ये कुणी हे मनापासून शिकवत असेल तर तुमच्या पेपरने जरूर लिहावं, कारण तालुक्याच्या गावात हा माणूस संपला की जुनी गाडी, ट्रॉली, छोटा टेम्पो सगळ्यांचीच पंचाईत आहे.

बसवताना यू-बोल्ट नवीन घेतले, जुने ताणलेले असतात आणि पाटे कमी झाल्यावर त्यांचा आटा पण पुरत नाही. गड्डा मधोमध धरणारा सेंटर बोल्ट पण नवीन. आणि ज्यांच्या गाडीला पाट्याच्या डोळ्यांत रबर बुश आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा, शॅकलचे आणि पिनचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत, चाकं जमिनीवर टेकवून, गाडी दोनचारदा हलवून मगच आवळायचे, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत पकडलं जातं, उंची खोटी दिसते आणि बुश पण लवकर फाटतं. चॅनलचा बंपर पण कापून काढला, साधा बसवला.

शेवटी मागून गाडी २ इंच उतरली आणि पुढून सव्वा इंच चढली. नळी लावून बघितलं तर ४ फुटांत आता अर्धा इंच फरक आहे, मागचं अंग किंचित वर, ते तसंच हवं कारण मागे दोन माणसं आणि सामान बसलं की ती पाण्यासारखी सपाट होते. स्टिअरिंग वळणानंतर हातातून सरकत आपोआप मध्ये येतं. ब्रेक मारला की पूर्वी मागची चाकं रिकामी होऊन घसरायची, ते थांबलं. हेडलाईट आधी बोनेटसमोर दहा पावलांवर पडायचा तो रस्त्यावर गेला, त्याचे स्क्रू परत सेट करावे लागले ते वेगळं.

हा सगळा खटाटोप करून मी गाडी उंच केलेली नाही, कंपनीतून आली तशी करायचा प्रयत्न केलाय. हे मुद्दाम सांगतोय कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळच्यापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. १५ वर्षांच्या पुढच्या खाजगी गाडीला दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायला आरटीओत न्यावंच लागतं, तिथे गाडी उंच करायचं लिफ्ट किट बसवून उभं राहण्यापेक्षा पाटे दुरुस्त केलेली गाडी घेऊन जाणं केव्हाही बरं.

लांब शॅकल वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही, ज्यांना खरंच उंची हवी ते ॲक्सलखाली पाचर घालून कॅस्टर परत आणतात आणि ते काम जाणकाराने केलं तर चालतं. पण नाक खाली दिसलं की शॅकल, हा सल्ला दोन ओळीत छापून लोकांना घाटात पाठवू नका एवढीच विनंती. तुमचं पान वाचून या आठवड्यात कुणी शॅकल टाकूनही आला असेल, त्याने पाऊस सुरू व्हायच्या आत रिकाम्या मैदानात गाडी हळू वळवून स्टिअरिंग सैल सोडून बघावं. परत आलं नाही तर घाटात नेऊ नये. आणि ज्यांनी पाटे खोलून बसवलेत त्यांनी तीनचारशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट एकदा परत आवळून घ्यावेत, माझे अर्धा फेरा ढिले निघाले होते.

आपला,
एक वाचक, कराड