नजरेत न भरणारं म्हणजे क्षुद्र नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गवतांवरचा लेख वाचला, लेख आवडला, पण त्यात गवताच्या फुलांना दोन-तीनदा 'क्षुद्र फुले' म्हटलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मूळ इंग्रजी शब्द 'इनकॉन्स्पिक्युअस' असणार, कारण बॉटनीच्या पुस्तकांत गवताच्या फुलांसाठी तो हमखास येतो. मी कित्येक वर्षं कॉलेजात हाच विषय शिकवला आणि मुलंसुद्धा त्याचा अर्थ नगण्य, बिनकामाचं असाच लावायची, काहीजण तर सरळ 'अदृश्य' लिहून मोकळी व्हायची.

या शब्दात किंमत कुठेच नाहीये हो, फक्त बघणं आहे. लॅटिनमध्ये स्पेकेरे म्हणजे बघणं, त्यावरून कॉन्स्पिक्युअस म्हणजे चटकन डोळ्यात भरणारं, त्याच्या आधी नकाराचा 'इन' लागला की न भरणारं, बस्स. आणि हा धातू आपल्याला परका पण नाही, संस्कृतातला स्पश् म्हणजे बघणं हा त्याचाच भाऊबंद, आपण दिवसातून दहादा म्हणतो तो 'स्पष्ट' त्यातूनच आलाय, वेदांत हेराला 'स्पश' म्हटलंय आणि इंग्रजीतला स्पाय त्याच कुळातला. म्हणजे शब्द बघणाऱ्याच्या डोळ्याबद्दल बोलतोय आणि आपण दोष फुलाला देतोय.

लपलेलं आणि नजरेत न भरणारं यातही फरक आहे. बऱ्याच दिवसांनी कुणी भेटलं की आपण म्हणतो, उंबराचं फूल झालास की रे. उंबराची फुलं फळाच्या आत बंद असतात, फळ फोडल्याशिवाय दिसायचीच नाहीत, ती लपलेली. दुर्वांचं तसं नाही. गणपतीला एकवीस दुर्वांची जुडी आपण वर्षानुवर्षं वाहतो पण हरळीला फूल येतं हे कितीजणांनी पाहिलंय? गेल्या पावसाळ्यात अंगणातली फुललेली हरळी नातीला भिंगातून दाखवली. एकाच जागेवरून बोटांसारखे फुटलेले ४-५ बारीक तुरे, त्यावर दाटीने बसलेली फुलं आणि प्रत्येकातून बाहेर आलेले पिसासारखे जांभळे तंतू, इतके नाजूक की श्वास लागला तरी हलत होते. ती म्हणाली, आजी, हे रोज इथंच होतं? इथंच होतं, पायाखाली. गवताचे पराग वारा नेतो, त्याला फुलपाखरं मधमाश्या बोलवायच्याच नसतात, मग रंगीत पाकळ्या, वास, मध कशाला करेल ते? त्यात क्षुद्र काय आहे?

माणसांसाठी इंग्रजीत याच्या जवळचा 'अनऑब्ट्रूसिव्ह' आहे, त्याच्या मुळाशी पुढे ढकलणं आहे, आणि आपल्याकडे तर अगदी तोच प्रयोग तयार आहे, पुढे पुढे न करणारा. तुम्ही लोक अशा वेळी सरसकट 'प्रसिद्धीपराङ्मुख' छापता पण त्याचा अर्थ प्रसिद्धीकडे पाठ फिरवलेला, आणि ज्याच्याकडे प्रसिद्धी कधी आलीच नाही तो पाठ कुठून फिरवणार? आमच्या लॅबमध्ये एक सेवक होते, प्रॅक्टिकलला मुलं आत यायच्या आधी प्रत्येक टेबलावर स्लाइड, सुई, वॉचग्लास, पाण्याचा ड्रॉपर मांडून झालेलं असायचं, कधी मांडलं ते माझ्यासुद्धा लक्षात यायचं नाही. त्यांच्या निरोप समारंभात एका वक्त्याने त्यांना 'सामान्य कर्मचारी' म्हटलं, ते मला अजून खुपतं, आणि मी तेव्हा उठून काही बोलले नाही तेही.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या रविवारी कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती द्या, 'क्षुद्र फुले' ऐवजी 'चटकन नजरेत न भरणारी फुले' असे वाचावे. शब्द तीन जास्त लागतील, लागू देत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा