गाडी चालवायची आहे, घाण्याला जुंपून घ्यायचं नाहीये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मधूनमधून गेमिंगवर छापून येतं, कुठला नवीन गेम आला, ग्राफिक्स कसे आहेत, किंमत किती वगैरे, आणि मी ते आवडीने वाचतो. पण एक गोष्ट त्यात कधीच नसते म्हणून हे पत्र. गेम विकत घेतल्यावर त्यातल्या गाड्या प्रत्यक्ष चालवायला मिळेपर्यंत किती तास जातात, हे कोणी लिहीतच नाही.

मी चाकणला गिअरबॉक्सचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, फर्स्ट शिफ्ट, पहाटे पाचला उठणं. रेसिंग सिम्युलेशन, म्हणजे खरी गाडी चालवल्यासारखे वाटणारे गेम, हा माझा एकच शौक. सेकंडहॅण्ड स्टिअरिंग व्हील घेतलंय, ते जेवणाच्या टेबलाला क्लॅम्पने आवळतो, कडेला वळ पडायला लागले म्हणून बायको आता क्लॅम्पखाली जुन्या पेपरची घडी घालते. मुलगी झोपली की साडेनऊ ते साडेदहा, बस. त्या तासाभरात ब्रेक किती आधी मारायचा, वळणात थ्रॉटल किती सोडायचा, मागची चाकं घसरली की स्टिअरिंग उलटं कसं द्यायचं हे हाताला कळत जातं, दिवसभराचा शीण जातो. आता त्यातला बराचसा वेळ हे शिकण्यात जातच नाही, क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, गोळा करण्यात जातो, त्यालाच पोरं ग्राइंडिंग म्हणतात.

मे महिन्यात साताऱ्याहून भाचा आला होता, चौदा वर्षांचा. व्हील बघून खुळावलाच. त्याला जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर, तो साधारण २१ किलोमीटरचा आहे, जीटी३ वर्गातली रेसची गाडी चालवायची होती, व्हिडिओत बघून बघून त्याला त्या ट्रॅकची वळणंसुद्धा पाठ. गेमने मात्र गाडी दाखवली आणि वर कुलूप. "मामा, गेम तर आपण विकत घेतलाय ना, मग ही गाडी का नाही मिळत?" मी म्हटलं आधी पैसे जमवावे लागतील. तीन दिवस बिचारा सकाळपासून एकच रेस परत परत मारत होता, कारण त्याच रेसला पैसे जास्त मिळतात. कुणाला धक्का न लावता रेस संपवली तर वर बोनस असतो. तिसऱ्या दिवशी शेवटच्या लॅपला कॉम्प्युटरच्या गाडीने मागून येऊन त्याला ढकललं, हा भिंतीला घासला, चूक त्याची नाही तरी बोनस गेला. काही बोलला नाही, उठला, आणि मोबाईल घेऊन बसला तो जाईपर्यंत व्हीलला हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं. माझ्याकडच्या गेमचं नाव मुद्दाम देत नाही कारण हा रोग एकट्याचा नाहीये.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण प्लेस्टेशनवरच्या ग्रॅन टुरिस्मो ७ या रेसिंग गेमचं. मार्च २०२२ ला गेम आला आणि दोन आठवड्यांत एक अपडेट आलं ज्यात लोक ज्या रेस मारून पैसे जमवत होते त्यांचीच बक्षिसं कमी केली. दंतकथा झालेल्या काही जुन्या गाड्या तिथे दोन कोटी क्रेडिटच्या घरात, आणि ज्याला दम नाही त्याच्यासाठी दुकान उघडंच, २० लाख क्रेडिट म्हणजे जवळपास २० डॉलर. म्हणजे दोन कोटींच्या एका गाडीला दोनशे डॉलर, आणि अख्खा गेमच ६०-७० डॉलरचा! त्यात त्या अपडेटनंतर सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद, आणि गेमचा मोठा भाग नेटशिवाय चालत नाही, त्यामुळे पैसे मोजलेली माणसं नुसती स्क्रीनकडे बघत बसली. जगभरातून एवढी बोंब झाली की शेवटी गेमचे कर्ते काझुनोरी यामाउची यांनी माफी मागितली, खेळणाऱ्यांना दहा लाख क्रेडिट दिले आणि एप्रिलच्या अपडेटमध्ये बक्षिसं वाढवली. ऐकलं त्यांनी, हे मान्य करायलाच पाहिजे.

पण त्या वेळी त्यांनी एक कारण दिलं होतं की गाडीची किंमत तिचं मोल आणि दुर्मिळपणा दाखवते म्हणून ती खऱ्या जगाशी जोडलेली असावी. हे मला अजून पटत नाही. मॅकलारेन एफ१ नावाच्या सुपरकार खऱ्या जगात सगळ्या मिळून १०६ बनल्या, म्हणून त्या महाग, बरोबर आहे. पण गेममधली मॅकलारेन म्हणजे फाईल आहे, माझ्याकडे ती आली म्हणून तुमची कमी होत नाही. खऱ्या जगात माझ्यासारख्याला ती लांबून बघायलासुद्धा मिळणार नाही म्हणून तर सिम्युलेशन गेम घेतला, मग तिथेही तीच पैशाची भिंत कशाला?

कोणी म्हणेल कष्टाशिवाय मजा नाही. अहो कष्टाला ना कुठे आहे! पहिला ग्रॅन टुरिस्मो १९९७ चा, मी तो २००१ ला आमच्या गल्लीतल्या व्हिडिओगेम पार्लरमध्ये खेळलो, तासाला दहा रुपये, खेळ साठवायचं स्वतःचं मेमरी कार्ड शर्टाच्या खिशात घेऊन जायचो. सुरुवातीला हातात फक्त १०,००० क्रेडिट, त्यात सेकंडहॅण्ड छोटी जपानी गाडी. आणि मोठ्या रेसला उतरायचं तर आधी लायसन्स टेस्ट. एका वळणाची टेस्ट मी चाळीस-पन्नास वेळा नापास झालो असेन, पण ज्या दिवशी पास झालो त्या दिवशी मला खरंच जास्त चांगली गाडी चालवता येत होती. ते कुलूप हुनराचं होतं. आणि जे कमावलं ते माझ्या खिशात होतं, कुठल्या सर्व्हरवर नाही. आताचं कुलूप तासांचं आहे, माणूस घाण्याच्या बैलासारखा त्याच ट्रॅकवर गोल गोल फिरतो, शिकत काहीच नाही, आणि किल्ली बाजूला पैशात विकायला ठेवलेली. सगळेच असं करतात असंही नाही, असेटो कोर्सा २०१४ ला आला त्यात गेमबरोबर आलेल्या सगळ्या गाड्या पहिल्या दिवसापासून उघड्या, तरी लोक आजपर्यंत तो खेळतायत. उलट २०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्टने प्रत्येक गाडीची लेव्हल वेगळी वाढवली तरच पार्ट मिळतील असं केलं होतं, लोक वैतागले, आणि मार्च २०२४ ला त्यांना ते बदलावं लागलं.

हा नुसता खेळण्याचा प्रश्न नाहीये म्हणून कळकळीने लिहितोय. आपल्याकडे कार्टिंगला, म्हणजे छोट्या रेसगाड्या चालवायला, मुलाला घालायचं तरी खर्च बघूनच मध्यमवर्गीय बाप गप्प बसतो. निस्सान आणि प्लेस्टेशनने २००८ पासून काही वर्षं जीटी अकॅडमी चालवली, तिथे गेम खेळणारी पोरं थेट खऱ्या ट्रॅकवर गेली. स्पेनचा लुकास ओर्दोन्येस पहिल्याच वर्षी जिंकला आणि २०११ ला फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या रेसला आपल्या क्लासमध्ये दुसरा आला. २०१४ ला भारतातूनही निवड झाली होती. ज्याच्या बापाकडे पैसे नाहीत त्याला ही एक वाट होती, आणि अशा पोराने शिकायचं ते गाडी चालवून, क्रेडिट मोजून नाही.

तर माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी रेसिंग गेमबद्दल छापाल तेव्हा तीन गोष्टी नक्की लिहा: नेट गेलं तर गेम चालतो का, किती गाड्या पहिल्या दिवशी मिळतात, आणि सगळ्यात महाग गाडी खरे पैसे न मोजता मिळवायला किती तास लागतात. कंपनी सांगत नसेल तर तसंही छापा. एवढे पैसे खर्च करण्याआधी घरातल्या माणसाला हे कळायला पाहिजे.

दिवाळीत भाचा परत येतोय. तोवर त्याची ती गाडी घेऊन ठेवायची म्हणतोय, अजून साठ हजार क्रेडिट कमी आहेत, आज रात्री दोन रेस होतील.

आपला,
एक वाचक, पिंपरी-चिंचवड