एकच चाल, तीन हात

बॉन, ऑक्टोबर

प्रिय सदानंद यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन महिना झाला, पण उत्तराला विषय मिळाला तो काल संध्याकाळी. इथल्या एका लहानशा सभागृहात पियानोवादन होते. वादिका आधी जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानच्या आयुष्यातला एखादा प्रसंग सांगे आणि मग पियानोकडे वळून त्याच्याशी जोडलेली रचना वाजवी. कीर्तनाच्या साथीला तीस वर्षे पेटी घेऊन बसलेल्या तुझी आठवण न होते तरच नवल.

शुमान आणि पियानोवादक-संगीतकार क्लारा यांच्या लग्नाचे आख्यान तिने छान रंगवले. क्लाराचे वडील फ्रीडरिख वीक हे शुमानचेच पियानोचे गुरू, पण मुलगी द्यायला ते तयार होईनात. तेव्हा दोघांना कोर्टाची पायरी चढावी लागली आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लाइपझिगजवळ लग्न लागले.

खरी मजा मात्र पुढे आली. शुमानच्या एका संथ, लहानशा चालीवर क्लाराने १८५३ साली त्याच्या वाढदिवसासाठी व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच चालीची निरनिराळी रूपे, लिहिली. पुढच्याच वर्षी, शुमान इथल्या एंडेनिखच्या मनोरुग्णालयात असताना, त्यांच्या ओळखीच्या एकवीस वर्षांच्या ब्राम्स या संगीतकाराने तीच चाल घेतली आणि एका ठिकाणी क्लाराची स्वतःची जुनी चाल तिच्यात हळूच गुंफली. वादिकेने मूळ चाल आणि या दोन्ही रचना मध्ये चकार शब्द न काढता सलग वाजवल्या. क्लारा चालीला धरून राहते, भोवतीची नक्षी तेवढी बदलते; ब्राम्स पहिल्याच व्हेरिएशनमध्ये ती डाव्या हाताकडे, खर्जात नेतो. क्लारा आणि ब्राम्स यांचे नेमके नाते काय, हा चघळून चोथा झालेला विषय त्यानंतर मला अगदीच फिका वाटला.

शेवटी मात्र वादिकेचा तोल गेला. फेब्रुवारी १८५४ मध्ये, ड्युसेलडॉर्फला असताना, देवदूतांनी सांगितली असे वाटून शुमानने एक चाल उतरवून घेतली आणि तिच्यावरच्या व्हेरिएशन्सची स्वच्छ प्रत पुरी होण्याआधीच, २७ तारखेला, घराबाहेर पडून ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवण्यात आले. हे सारे तिने आवाज चढवून सांगितले, आणि चाल सुरू झाली तरी निवेदन चालूच! तुमचे बुवाही पद मध्येच थांबवून बोलतात, पण तेव्हा तू नुसता सूर धरून असतोस. बोलणे आणि पदाची ओळ एकमेकांवर चढत नाहीत. त्यातून ही चाल प्रार्थनेसारखी शांत. वेड तिच्यात कुठेच ऐकू येत नाही, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळेच. शिवाय ती त्याचीच होती: चारपाच महिन्यांपूर्वी व्हायोलिन कॉन्चेर्टोमध्ये (व्हायोलिन आणि वाद्यवृंदाच्या रचनेत) तिच्याशी अगदी मिळतीजुळती चाल त्याने लिहिली होती, आणि आता त्याला स्वतःचेच सूर ओळखता आले नाहीत. नेमके हेच वादिकेने सांगितले नाही.

आज सकाळी एंडेनिखच्या त्या मनोरुग्णालयाच्या घरावरून चालत गेलो. आता तिथे शहराचे संगीत ग्रंथालय आहे. क्लाराला शुमानची भेट घेता आली ती अडीच वर्षांनंतर, जुलै १८५६ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी.

ती चाल आपल्या स्वरलिपीत उतरवून सोबत पाठवत आहे. एखाद्या सकाळी घरात कोणालाही काही न सांगता पेटीवर वाजव, आणि वहिनी स्वयंपाकघरातून काय म्हणतात ते मला कळव.

तुझा,
माधव