मिस्त्रीकाका, दोर जागेवरच आहे

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

घर दुरुस्त केल्याबद्दल समोर आभार मानायला गेलं की तुम्ही मान हलवता आणि हत्यारांची पिशवी आवरायला घेता. म्हणून लिहितेय. तुमची लेक वाचून दाखवेल.

परवा रात्री पहिला जोराचा पाऊस झाला. आमच्या घरात या पावसाला पातेली घेऊन जागायची पद्धत होती. एक माजघरात, एक जिन्याखाली, एक आत्यांच्या खाटेशी. यंदा पातेली मांडणीवरच राहिली. पाऊस थांबला तरी सवयीने मला झोप लागली नव्हती. पाचच्या सुमाराला वरचं दार वाजलं आणि जिन्यातून दोराची करकर ऐकू आली. आजी दिवा लावायला खाली येत होत्या. एकट्या, अंधारात, नेहमीसारख्या. मी उशीत तोंड खुपसून रडले, काका.

आमचं घर कोणी फोटो काढावा असं नाही. चार पावलांवर खोताची वाडी आहे, तिथे रंगीत लाकडी घरांसमोर माणसं फोटोसाठी उभी असतात. आमच्या बोळात ती वळतसुद्धा नाहीत. तळमजला, वर एक मजला, वर मंगलोरी कौलं. नक्षी नाही, कमान नाही. १९९५ साली मुंबईत वारसा वास्तूंचे नियम आले, पण आमच्या घराचं नाव कुठल्या यादीत नाही. तरी प्लेगच्या साथीच्या आधीचं, म्हणजे १८९६ च्या आधीचं हे घर, असं सासरे त्यांच्या आजोबांच्या तोंडचं सांगतात. आज त्यात आम्ही आठ जण राहतो, चार पिढ्यांचे.

मी डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून या घरात आले, तेव्हा मला ते अंधारं वाटलं होतं. आपला वेगळा फ्लॅट घेऊ, असं मीही एकदा नवऱ्याला म्हणून पाहिलं. मग मूल झालं, आणि हे घर कसं चालतं ते कळलं. माजघराला एकही खिडकी नाही, पण घरातली सगळी दारं तिथे उघडतात. बाळ रडलं की कुणाच्या तरी कानावर जातंच. ओटीवर सासऱ्यांची वर्तमानपत्रं, मागे न्हाणी, वर आत्या आणि आजी, पोटमाळ्यावर परीक्षा जवळ आलेलं पोर. भांडण झालं तर तोंड फिरवायला जागा आहे, आणि जेवायला सगळे एकाच ठिकाणी येतात. ज्याने हे घर बांधलं त्याने हे सगळं मनात धरूनच भिंती घातल्या असतील.

तुमच्या आधी तिघे येऊन गेले. पहिल्याने सात मिनिटांत घर पाहिलं आणि पाडा म्हणाला. दुसऱ्याने लोखंडी गर्डरचा आकडा सांगितला, तो ऐकून सासरे दोन दिवस जेवले नाहीत. तिसरा इंजिनिअर. त्याने आजींच्या समोर, त्या ऐकत असताना, माझ्या नवऱ्याला विचारलं, "म्हातारीला कुठे हलवणार?" आजी काही बोलल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत बसल्या. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. घर पाडलं की तात्पुरतं राहायला देतात त्या संक्रमण शिबिरात गेलेली आणि वीस-वीस वर्षं परत न आलेली कुटुंबं गिरगावात प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. आजींचं वय ८८. त्यांना त्या प्रश्नाचा अर्थ नीट कळला होता.

मग तुम्ही आलात. चप्पल ओट्याखाली काढलीत आणि आधी आजींना नमस्कार केलात. तुळईला टोचा मारलात, हाताने भिंत चाचपलीत आणि म्हणालात, "साग चांगला आहे. त्याचा श्वास कोंडलाय." तीस वर्षांपूर्वी कोणीतरी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारून गेला होता. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंटने ती सोडायची वाट बंद झाली. ओल भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाला लागली आणि टोक आतून भुसभुशीत झालं. बाकीची तुळई ठणठणीत. इतकी साधी गोष्ट, पण ती आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. सगळ्यांनी फक्त जुनं झालंय एवढंच सांगितलं.

परवानग्या, पैसे, दिवस, या सगळ्याचं पुराण इथे लावत नाही. रे रोडच्या वखारी पालथ्या घालून तुम्ही पाडलेल्या इमारतीतला जुना बर्मी साग शोधलात, चुनकळी आमच्या परसात भिजवलीत, सिमेंट खरवडून भिंती मोकळ्या केल्यात. कौलं उतरवताना एक उलटं करून माझ्या मुलाला त्यावरचा छाप वाचायला लावलात. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला, हे त्याने मग शाळेत सांगितलं. तो अजून ते कौल पुस्तकांशेजारी ठेवून आहे.

पण मला लिहायचंय ते दोराबद्दल.

आमचा जिना कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. शिडीच म्हणायची. उंच पायऱ्या, अर्धंच पाऊल मावेल इतक्या अरुंद, आणि वरून लोंबणारा जाड दोर. आजी १९५६ साली लग्न होऊन या घरात आल्या, मुंबई महाराष्ट्रात येण्याच्या चार वर्षं आधी. पहिल्याच रात्री त्यांच्या सासूबाईंनी तो दोर त्यांच्या हातात दिला होता. दोर बदलत गेले, ज्या कडीला तो बांधतात ती मात्र तीच. आणि ती कडी नेमकी तुळईच्या कुजलेल्या टोकात होती.

तुम्ही म्हणालात, "उद्या पहिल्या लोकलने येतो." आम्हाला वाटलं, काम लवकर सुरू करायचं असेल. विरारहून अंधारातच आलात आणि मला म्हणालात, दिवा लावू नका. माजघरात भिंतीला टेकून गप्प बसलात. आजी उतरल्या. डावा हात दोराला, चौथ्या पायरीवर थोडं थांबून. खाली आल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "आजी, दोर काढून लोखंडी कठडा लावला तर?" आजी म्हणाल्या, "मग अंधारात माझा हात जाईल कुठे?"

बस. त्यापुढे तुम्ही त्यांना काही विचारलं नाहीत.

तुळईचं टोक कापल्यापासून नवा तुकडा सांधून चुना वाळेपर्यंत अठरा दिवस गेले. त्या अठरा दिवसांसाठी तुम्ही टेकूला आडवी फळी ठोकून तिच्यावरून तात्पुरता दोर सोडलात. जुन्या दोराच्याच जागी, त्याच उंचीवर. माप घ्यायला ओळंबा सोडून जिन्यात खडूने खूण केलीत, ती मी पाहिली. अर्धा दिवस गेला त्यात. हिशेबाच्या कागदावर तो नव्हता, मी मुद्दाम शोधला. आणि नव्या लाकडात जुनीच कडी बसवलीत, बोटभरही इकडेतिकडे न करता.

आजींना सुरुवातीला कळलंच नाही की दोर बदललाय. कळलं तेव्हा त्या देवापाशी बराच वेळ बसून होत्या.

काका, या शहरात हुशार माणसं खूप भेटतात. मोठ्या गाड्यांतून येतात, कागद काढतात, आकडे सांगतात. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आधी विचारणारा क्वचित भेटतो. माझे वडील एसटीत वाहक होते. म्हातारी बाई उतरत असली की ती दोन्ही पाय जमिनीवर टेकेपर्यंत घंटी देत नसत. तुम्हाला जिन्यात खूण करताना पाहिलं तेव्हा मला ते आठवले. ते आता नाहीत. तुमची आणि त्यांची गाठ पडली असती तर बोलण्यासारखं पुष्कळ होतं तुम्हा दोघांना.

शेजारच्या दोन घरांनी तुमचा नंबर मागितला, मी दिलाय. त्यांच्याकडेही सिमेंट मारलेल्या भिंती आहेत, आणि त्यांनाही पाडा म्हणून सांगून झालंय.

आणखी एक. तुमचा ओळंबा आमच्याकडेच राहिलाय, जिन्याजवळच्या कोनाड्यात. मुलं खेळायला घेतात तर आजी हात लावू देत नाहीत. मिस्त्री येऊन नेतील, म्हणतात. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. तेव्हा या न्यायला, जेवणाच्या वेळी. वहिनींना आणि लेकीलाही घेऊन या.

तुमची,
वरच्या आजींची नातसून