पहिल्यांदा अडकलेल्या माणसाकडून मदतपुस्तिका तपासून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट येणं थांबलं. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या वाचनालयातले जुने कम्प्युटर विंडोज ११ घेत नाहीत, म्हणून बिल्डिंगमधल्या एका मुलाने त्यांच्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) आणि लिबरऑफिस (पत्रं, हिशोब करायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकून दिलं. चालतात छान, आणि खर्चही काही आला नाही.

पण मी टाकी साफसफाईची नोटीस टाइप करायला बसले आणि अख्खी दुपार गेली. स्टाइलमध्ये, म्हणजे मजकुराच्या तयार साच्यात, अक्षराचा साइज १६ केला तर नोटिशीतली इंग्रजी अक्षरं मोठी झाली, मराठी होती तेवढीच राहिली. कारण नंतर कळलं, या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या गटात येते, तिचा फॉन्ट आणि साइज वेगळा ठरवावा लागतो आणि त्याची जागा दिसत नसेल तर सेटिंगमध्ये एक टिक करावी लागते. आता मराठीत लिहिणाऱ्याला हे पहिल्या पानावर मिळायला नको का? आपली लिपी 'कॉम्प्लेक्स' मध्ये शोधायची हे सुचणार कुणाला?

माहिती कुठेच नाही असं नाही. लिबरऑफिसच्या गाइड्स, म्हणजे मदतपुस्तिका, आहेत, चांगल्या जाडजूड आहेत, जगभरातले लोक स्वतःचा वेळ काढून त्या लिहितात आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मला मिळाल्या त्या इंग्रजीत, आणि आमच्या स्क्रीनवरचा मेनू मराठीत, म्हणजे गाइड म्हणते 'टूल्स' मध्ये जा आणि समोर 'साधने' लिहिलेलं, शिवाय काही चित्रं जुन्या व्हर्जनची, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. मला वाटतं हेच सगळ्यात वाईट, कारण असा माणूस विचारत नाही, गपचूप उठून जातो.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सगळं माहीत असतं, त्यामुळे कुठली पायरी सुटली ते त्याला दिसत नाही. जो काल अडकला होता त्याला दिसतं, पण तेही आठवडाभरच, एकदा हात बसला की तोही विसरतो. म्हणून अडकलात की त्याच दिवशी लिहून ठेवा: कुठलं व्हर्जन, काय दाबलं, काय झालं. मी आता वहीत लिहिते.

त्या गाइड्सचं लायसन्स मोकळं आहे, मूळ लेखकांचं श्रेय देऊन कुणीही भाषांतर करू शकतं, बदलही करू शकतं. मग ठाणे, नेरूळ, वाशी, खारघर इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी लिबरऑफिससारख्या एखाद्या ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) सॉफ्टवेअरची मराठी गाइड लिहिणं हा प्रोजेक्ट म्हणून का धरू नये? कोड लिहिला तरच काम झालं असं का? मात्र भाषांतर करून थांबू नका, ते पान एखाद्या नवख्या माणसाच्या हातात द्या, शेजारी बसा आणि काही सांगू नका. तो जिथे थांबेल ती ओळ परत लिहा. आणि प्रत्येक पानावर कुठल्या व्हर्जनवर कधी तपासलं ती तारीख टाका, एवढ्यानेही खूप फरक पडेल.

कुठल्या कॉलेजची मुलं हे करणार असतील तर आमच्या वाचनालयात रविवारी सकाळी कम्प्युटर मोकळे असतात, माझी वही देईन, आणि आमच्या मजल्यावरच्या काकू पहिल्या वाचक म्हणून बसायला तयार आहेत, त्यांना भिशीचा हिशोब कम्प्युटरवर करायला शिकायचाय.

आपली,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई